शेळीच्या पोटात चालू-बंद होणारी जनुकं

मी कोडिंग करून पोट भरणारा माणूस, पण आजचा विषय शेळीच्या पोटाचा. आमच्या जालन्यात, भोकरदन-जाफराबादकडं, दारात दोन-चार शेळ्या असलेली घरं भरपूर. पावसाळा सरत आला की ठरलेली तक्रार ऐकू येते: शेळी खाते, पण अंगाला लागत नाही, जबड्याखाली पाणी भरल्यासारखी सूज आलीय. बऱ्याचदा यामागं हिमॉन्कस नावाचा जंत असतो. पोटाच्या चौथ्या कप्प्यात बसून रक्त पितो, एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली. पाचशे जंत धरा, रोजचं २५ मिली झालं!

आता मला भावलेला भाग. जंत आला म्हणून शेळीची जनुकं बदलत नाहीत. कोड तोच राहतो, कुठलं जनुक चालू आणि कुठलं बंद, हे बदलतं. आतड्याच्या अस्तरात टफ्ट नावाच्या पेशी असतात, एरवी शंभरात जेमतेम एखादी. २०१६ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून कळलं, की जंत आल्याची वर्दी याच देतात. त्या आयएल-२५ हा रेणू सोडतात, त्यावर शेजारच्या रोगप्रतिकारक पेशी आयएल-१३ सोडतात, आणि हा निरोप अस्तराच्या मूळ पेशींपर्यंत पोचला की तिथं वेगळी जनुकं चालू होतात. मग नव्या पेशींत टफ्ट आणि चिकट स्राव करणाऱ्या पेशी जास्त तयार होतात. जंताला टिकून बसणं अवघड होतं. २०२१ मध्ये मेंढ्यांच्या चौथ्या कप्प्यातही जंतांमुळं टफ्ट पेशी वाढलेल्या दिसल्या.

हे बांधकाम फुकट होत नाही, त्याला प्रथिनं लागतात. नुकती व्यालेली शेळी किंवा लहान करडू इथंच मागं पडतं. म्हणून पेंड आणि चांगला चारा हे मी निम्मं औषधच समजतो.

खऱ्या औषधाची गंमत वेगळी. अल्बेंडाझोल जंताच्या ट्युब्युलिन प्रथिनाला चिकटतं. त्या जनुकात एक अक्षर बदललेला जंत वाचतो, आणि मग त्याचीच पिल्लावळ कळपात उरते. इथं मात्र कोडच बदललेला, तोही जंताचा. सगळ्या शेळ्यांना सरसकट, अंदाजानं औषध पाजलं की असे जंत आपणच निवडून ठेवतो.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं दख्खनी मेंढ्यांचा बंगालच्या गरोळ जातीशी संकर केला. मुख्य हेतू जुळ्या कोकरांचा, पण संकरित कोकरांच्या लेंड्यांत जंतांची अंडीही कमी निघाली.

तुमच्या दारात शेळी असेल तर तिची खालची पापणी ओढून आतून बघा. लाल असेल तर औषधाची घाई नको. पांढरी पडली असेल तर त्याच दिवशी जनावरांचा दवाखाना गाठा, आणि जाताना ताज्या लेंड्या तपासायला सोबत न्या.