अंतर कोणाच्या पायांनी मोजायचे?

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)





आम्ही भूगोलाचे प्राध्यापक नाही आणि संगणकाचे अभियंतेही नाही. कला शाखेची पदवी घेतली आणि गेली बावीस वर्षे बँकेत लिपिकाची नोकरी करीत आहोत. तरीही कार्यकारिणीने 'रस्ते आणि नकाशे' या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, ती गेल्या दोन वर्षांत आमच्या हातून जो खटाटोप झाला त्यामुळे. त्या खटाटोपाची हकिकत सांगावी, त्यात काय चुकले तेही सांगावे आणि तुमच्यापैकी दोन-चार जणांनी हे काम शिकून घ्यावे, एवढाच या बोलण्याचा हेतू आहे.

सुरुवात एका अर्जापासून झाली. आमची वस्ती रेल्वेच्या रुळांलगत आहे. पाचवीनंतर आमच्या मुली रुळांपलीकडच्या शाळेत जातात. बालकांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याखालील केंद्राच्या २०१० च्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर ही मर्यादा आहे, आणि हे अंतर चालत जाण्याचे आहे असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. वाटेत लहान मुलांना धोका असेल तर ही मर्यादा कमी करण्याची आणि मर्यादेत शाळाच नसेल तर लहान वस्त्यांतील मुलांसाठी वाहनाची किंवा निवासाची सोय करण्याची तरतूदही त्यांत आहे. या आधारावर पालकांनी वाहनाच्या सोयीसाठी अर्ज केला. संबंधित कार्यालयाने नकाशावर पट्टी ठेवली, अंतर २.१ किलोमीटर काढले आणि अर्ज निकाली काढला.

मित्रहो, पट्टीने मोजण्यात चूक केली नव्हती. पण पट्टी रुळांवरून गेली होती. त्या सरळ रेषेवर चालायचे म्हणजे आमच्या मुलींनी दप्तर घेऊन रोज दोन वेळा रूळ ओलांडायचे. फाटकाने, रस्त्याने जायचे तर अंतर किती पडते, हे आम्हा सर्वांना पायांनी ठाऊक होते; कागदावर मांडून दाखविणारा मात्र कोणी नव्हता.

तेव्हा अभ्यासिकेतील दोन विद्यार्थी आणि आम्ही, असे तिघे संध्याकाळी संगणकापुढे बसू लागलो. क्यूजीआयएस नावाची नकाशाची आज्ञावली आहे. तिचे काम २००२ साली सुरू झाले आणि ती कोणालाही फुकट मिळते. तिला लागणारा रस्त्यांचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅप या उपक्रमातून घेता येतो. हा उपक्रम २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झाला. जगभरातील सामान्य माणसे आपापल्या भागातील रस्ते त्यात भरतात. तुम्ही विचाराल, मोबाईलसुद्धा रस्ता दाखवतो, मग हे कशाला? मोबाईल एका माणसाला एक रस्ता दाखवतो. शंभर घरांपैकी किती घरे शाळेपासून ३ किलोमीटरच्या बाहेर पडतात, हा प्रश्न त्याला विचारता येत नाही. शिवाय आमच्या वस्तीतील गल्ल्या त्याच्या नकाशात नव्हत्याच.

आता संगणक जवळचा रस्ता शोधतो कसा, ते सांगतो. डायक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने १९५६ साली ॲमस्टरडॅममध्ये कॉफी पिता पिता वीस मिनिटांत, कागद-पेन्सिल न घेता, ही रीत मनात जुळवली आणि १९५९ साली ती प्रसिद्ध केली. आम्हाला ती बँकेच्या खातेवहीसारखी वाटली. प्रत्येक नाक्याचे एक खाते उघडायचे आणि घरापासून तेथपर्यंतचे अंतर त्यात मांडायचे. समजा, घरापासून पाण्याची टाकी ३०० मीटर आणि पिंपळाचा नाका ५०० मीटर आहे. टाकीचा आकडा सर्वांत लहान, म्हणून तो पक्का करायचा. टाकीपासून पिंपळ १०० मीटर असेल तर टाकीवरून तेथे ४०० मीटरमध्येच पोहोचतो; मग पिंपळाच्या खात्यातील ५०० खोडून ४०० लिहायचे. टाकीपासून शाळा ९०० मीटर, म्हणजे शाळेच्या खात्यात १२०० पडले. पण पिंपळापासून शाळा ६०० मीटर असेल तर १२०० खोडून १००० लिहायचे. दर वेळी सर्वांत लहान आकडा पक्का करायचा आणि पुढचा हिशेब करायचा. हजारो नाक्यांचा हा हिशेब यंत्र क्षणात करते. त्यात जादू काही नाही. वजाबाकीलाही हात लावावा लागत नाही, नुसती बेरीज आणि तुलना.

पण खातेवहीत नोंदच चुकीची असेल तर बेरीज बरोबर येऊन उपयोग काय? आमचे तसेच झाले. पहिल्या दिवशी शाळेचे अंतर ०.०३ आले. हा आकडा मीटर नव्हता, अक्षांश-रेखांशाचे अंश होते. नकाशा आधी मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत आणावा लागतो. मुंबई, पुणे, नाशिककडे ४३ वा पट्टा घ्यायचा, नागपूरकडे ४४ वा. ७८ अंश रेखांशापाशी पट्टा बदलतो.

दुसऱ्या वेळी उत्तर आले की रस्ताच नाही. वस्तीची गल्ली आम्ही हाताने काढली होती आणि ती मुख्य रस्त्याला टेकायला दोन मीटर कमी पडली होती. डोळ्याला रेघ जुळलेली दिसते, यंत्राला ती तुटलेली असते. याच्या उलट प्रकारही लक्षात ठेवा. उड्डाणपूल आणि त्याखालचा रस्ता कागदावर एकमेकांना छेदतात, पण तेथे वळता येत नाही. तेथे चुकून सांधा जोडला तर संगणक माणसाला पुलावरून खाली उतरवतो!

तिसरी चूक सर्वांत मोठी. या वेळी अंतर आले २.९ किलोमीटर. आम्ही निराश झालो. आकडा ३ च्या आत, म्हणजे कार्यालयाचेच म्हणणे खरे! संगणक धादांत खोटे कसे सांगेल, असे म्हणून आम्ही फाईल बंद करणार होतो. आमच्यातील एका विद्यार्थ्याने तो रस्ता नकाशावर मोठा करून पाहिला. फाटकापाशी संगणकाने आमच्या मुलींना रुळांवर चढवले होते आणि पुढच्या फाटकापर्यंत रुळांवरूनच चालवले होते. आम्ही नकाशातील सगळ्या रेघा उचलल्या होत्या. त्यांत रेल्वेही होती. यंत्राला रस्ता आणि रूळ यांतला फरक सांगितल्याशिवाय कळत नाही. विद्यार्थी मित्रहो, उत्तर पाहण्याआधी वाट पाहा, हा धडा आम्ही त्या रात्री शिकलो.

रूळ वगळले, गल्ल्या जोडल्या आणि अंतर आले ३.६ किलोमीटर.

तरीही वेळेच्या रकान्यात सव्वाचार मिनिटे दिसत होती. कारण या आज्ञावलीत वेग सांगितला नाही तर ती ताशी ५० किलोमीटर धरते. ताशी ४ किलोमीटर भरल्यावर ५४ मिनिटे आली. मग आम्ही एका सकाळी मुलींबरोबर चालत गेलो. एक तास आठ मिनिटे लागली. फाटक दोनदा बंद झाले आणि पावसाळ्यातला चिखल होता. फाटकापाशी थांबणे संगणकाला ठाऊक नव्हते, कारण ते आम्ही त्याला सांगितले नव्हते.

येथे एक मुद्दा सांगावासा वाटतो. रस्ता सर्वांना सारखा नसतो. वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ साली खुला झाला, पण त्यावर पादचाऱ्यांना आणि दुचाकींना मनाई आहे. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या, सुमारे २१.८ किलोमीटर लांबीच्या अटल सेतूवरही दुचाकी आणि रिक्षा जात नाहीत. मोटारवाल्याचा जवळचा रस्ता आणि पायी जाणाऱ्याचा जवळचा रस्ता हे दोन वेगळे नकाशे आहेत. म्हणून अंतर सांगणाऱ्याला आधी विचारावे : कोणाच्या पायांनी मोजले?

शेवटी शाळा मध्यभागी धरून रस्त्याने ३ किलोमीटरपर्यंत कोठे पोहोचता येते, तेवढे रस्ते आम्ही रंगवले. पट्टीच्या हिशेबाने आमची सगळी वस्ती ३ किलोमीटरच्या वर्तुळात बसत होती. रस्त्याच्या हिशेबाने रंग वस्तीच्या तोंडाशीच थांबला. तो नकाशा घेऊन पालकांबरोबर आम्ही कार्यालयात गेलो. "कॉम्प्युटरवर काय, काहीही काढता येते," असे उत्तर मिळाले. आम्ही म्हणालो, "साहेब, अगदी खरे आहे. आमच्याकडूनही आधी चुकीचेच निघाले होते. म्हणून तुम्ही एकदा आमच्याबरोबर चालत या." त्या अधिकाऱ्यांचे आभार मानले पाहिजेत, ते खरोखर आले आणि चालले. फाटकापाशी उभे असताना त्यांनीच विचारले, "मुली रोज इथून येतात?" एका मुलीने खरे ते सांगितले, "उशीर झाला की रुळांवरून येतो." त्यानंतर कोणी पट्टीचा विषय काढला नाही.

वाहनाची सोय मंजूर झाली. पण अर्ज फेटाळल्यापासून मंजुरीपर्यंत आठ महिने गेले आणि तेवढ्यात दोन मुलींनी शाळा सोडली होती. एक परत आली, दुसरी आली नाही. हे यशाच्या हकिकतीत सांगायचे नसते, पण आम्ही सांगतो. कारण हे काम येणारे कोणी त्या वेळी आपल्यात असते, तर पहिल्याच अर्जासोबत नकाशा गेला असता.

अभ्यासिकेतला संगणक संध्याकाळी सात ते नऊ मोकळा असतो. यायचे असेल त्याने पहिल्या दिवशी फक्त आपली गल्ली चालून यावी, मोबाईलवर वाट नोंदवावी आणि ती नकाशात काढावी. अरुंद बोळात मोबाईलची नोंद काही मीटर सरकते, म्हणून दोनदा चालावे. घरे दाखवावीत, घरातील माणसांची नावे लिहू नयेत. दवाखाना, रेशन दुकान, बसथांबा, अभ्यासिका, प्रत्येकाचे अंतर मोजायचे बाकी आहे. आम्ही काही फार जाणकार नाही, पण पहिल्या तीन चुका तुमच्या वाचवू शकू. पुढच्या चुका आपण मिळून करू.