बायबलाचे अध्ययन : लक्षपूर्वक आणि प्रार्थनापूर्वक



बायबलाचा अभ्यास लक्षपूर्वक आणि प्रार्थनापूर्वक कसा करावा, या विषयावर आज आम्हांला बोलायचे आहे. विषयातली दोन विशेषणे एकमेकांशी फारशी पटवून घेत नाहीत, असा पुष्कळांचा समज आहे. चिकित्सा केली की श्रद्धा उडते, असे भाविकांना वाटते. आणि प्रार्थना आली की चिकित्सा भोळी होते, असे चिकित्सकांना वाटते. आमचे म्हणणे असे की, ही दोन कामे वेगळी नाहीत. नीट लक्ष देऊन वाचणारा माणूस शेवटी अशा जागी येऊन पोहोचतो, की जिथे पुस्तकच त्याला प्रश्न विचारते. त्या प्रश्नापुढून पळून न जाता थांबणे, यालाच आम्ही प्रार्थना म्हणतो.

बायबल हे एक पुस्तक नाही. तो ग्रंथसंग्रह आहे. प्रॉटेस्टंट मंडळींच्या बायबलात ६६ पुस्तके आहेत, कॅथॉलिकांच्या बायबलात ७३. जुना करार बहुतांशी हिब्रू भाषेत व काही थोडा अरामी भाषेत आहे. नवा करार ग्रीक भाषेत आहे. एवढ्या अफाट ग्रंथाविषयी तासाभरात नियम सांगत बसलो, तर ते एरंडाचे गुऱ्हाळ होईल. म्हणून यातले एकच छोटे पुस्तक आपण हाती घेऊ. ते आहे योना संदेष्ट्याचे पुस्तक. अध्याय ४, वचने अवघी ४८. चहाचा पेला निवायच्या आत ते निम्मे वाचून होते.

योना म्हटले की मासा आठवतो. मोठ्या माशाने गिळलेला आणि तीन दिवसांनी किनाऱ्यावर ओकून टाकलेला माणूस! परंतु पुस्तक उघडून मोजून पाहावे. ४८ वचनांपैकी अवघ्या ३ वचनांत मासा आहे. मग उरलेल्या ४५ वचनांत काय आहे? अभ्यासाची पहिली पायरी हीच. जे पुस्तक आपल्याला ‘माहीत’ आहे, ते एका बैठकीत, सलग, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचावे. सुटे वचन उचलून आणू नये. बायबलाची आजची अध्यायवार विभागणी तेराव्या शतकातली, आणि नव्या करारातले आजचे वचनांचे आकडे १५५१ सालातले. मूळ लेखकांनी हे आकडे घातलेले नाहीत. आकडे सापडण्याच्या सोयीसाठी आहेत, तोडण्याच्या सोयीसाठी नव्हेत.

सलग वाचले म्हणजे कथा अशी दिसते. देव योनाला निनवे नगराला जाऊन त्याच्या दुष्टपणाविरुद्ध बजावायला सांगतो. योना याफो बंदरात जाऊन नेमका उलट दिशेचे, तार्शीशचे गलबत पकडतो. वादळ होते, खलाशी त्याला समुद्रात टाकतात, मासा गिळतो, किनाऱ्यावर सोडतो. दुसऱ्यांदा आज्ञा होते. योना निनवेला जातो, चाळीस दिवसांत नगराचा अंत असल्याची दवंडी देतो. नगर पश्चात्ताप करते, देव शिक्षा मागे घेतो. येथे कथा संपावी. पण ती संपत नाही. उलट येथेच खरी सुरू होते. योना संतापतो.

का संतापतो? येथे अभ्यासाची दुसरी पायरी लागते : स्थळ आणि काळ. निनवे ही अश्शूरी साम्राज्याची महानगरी. आजच्या इराकात, मोसुल शहराच्या कुशीत, तिचे अवशेष आहेत. याच अश्शूरी सत्तेने इ. स. पूर्व ७२२ च्या सुमारास इस्राएलचे उत्तरेकडचे राज्य धुळीला मिळवले आणि माणसे बंदिवान करून नेली. इ. स. पूर्व ७०१ मध्ये तिच्या फौजांनी यहूदातले लाखीश नगर जिंकले. त्या वेढ्याची आणि कैद्यांच्या हालांची शिल्पे राजा सन्हेरीबाने निनवेच्या आपल्या राजवाड्यात भिंतींवर कोरवून घेतली. ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. योना नावाच्या संदेष्ट्याचा उल्लेख राजांच्या दुसऱ्या पुस्तकात येतो, तो आठव्या शतकातला. परंतु हे पुस्तक त्यानंतर बऱ्याच काळाने लिहिले गेले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे पहिल्या श्रोत्यांना निनवे हे नाव ऐकताच काय आठवले असेल, ते ध्यानात घ्या. ज्यांनी आपली गावे जाळली, त्यांच्या गावाला वाचवायला जा, असे ही कथा सांगते. मासा गिळायला सोपा आहे. ही गोष्ट गिळायला कठीण आहे.

तिसरी पायरी शब्दांची. याफोला योना ‘खाली’ जातो, गलबतात ‘खाली’ उतरतो, गलबताच्या तळाशी ‘खाली’ जाऊन झोपतो, आणि पुढे आपल्या प्रार्थनेत, पर्वतांच्या बुडाशी ‘खाली’ गेलो, असे सांगतो. हिब्रूत चारही ठिकाणी एकच क्रियापद आहे. देवापासून दूर पळणारा माणूस पायरीपायरीने खाली चालला आहे, हे लेखकाने कुठेही उपदेश न करता सांगितले. तसेच मासा, वेल, किडा आणि वारा या चौघांचीही देवाने ‘योजना केली’, तेथेही क्रियापद एकच. आणि योनाच्या त्या दवंडीत, जी हिब्रूत अवघी पाच शब्दांची आहे, नगराबद्दल जे क्रियापद आहे त्याचे दोन अर्थ होतात : उलथून पडणे आणि पालटून जाणे. योनाच्या मनात पहिला अर्थ होता. घडला दुसरा. संदेष्ट्याचे वचन खरे ठरले, पण त्याला हवे तसे नव्हे!

आता कोणी म्हणेल, आम्हांला कुठे हिब्रू येते? न येऊ द्या. एका भाषांतराऐवजी दोन भाषांतरे शेजारी ठेवून वाचली, तरी पुष्कळ धागे हाती लागतात. मराठीत हे भाग्य आपल्याला आहे. श्रीरामपूरच्या, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरच्या छापखान्यातून विल्यम केरीचा मराठी नवा करार १८११ साली निघाला. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात बसून, हिब्रू व ग्रीक शिकून, साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत अख्खे बायबल उतरवले. १९२२ च्या एप्रिलात त्या वारल्या; त्यांचे बायबल १९२४ साली बाहेर पडले. संस्कृताच्या एवढ्या मोठ्या पंडितेने सोपा शब्द शोधण्यात आयुष्याची अखेरची वर्षे घालवली. लक्षपूर्वक आणि प्रार्थनापूर्वक म्हणजे काय, हे याहून वेगळ्या उदाहरणाने सांगायला नको.

चौथी पायरी : एका पुस्तकाचा प्रकाश दुसऱ्यावर पाडून पाहणे. चौथ्या अध्यायात योना देवाला सांगतो, तू कृपाळू, कनवाळू आणि मंदक्रोध आहेस हे मला ठाऊक होते, म्हणूनच मी पळालो. ही शब्दयोजना योनाची स्वतःची नाही. ती निर्गमाच्या ३४ व्या अध्यायातली आहे. तिथला प्रसंग काय? इस्राएल लोकांनी सोन्याचे वासरू करून पुजले, आणि तरीही देवाने त्यांना टाकले नाही. त्या क्षमेच्या वेळचे हे शब्द आहेत. म्हणजे ज्या दयेवर योनाचे स्वतःचे लोक जगले, तीच दया दुसऱ्याला मिळाली म्हणून तो तक्रार करतो आहे. हे ध्यानात आले की वाचणाऱ्याला जरा घाम फुटतो. अभ्यास आतापर्यंत निनवेबद्दल होता. आता तो आपल्याकडे वळू लागला.

येथे प्रार्थनेचा विचार करू. या पुस्तकात योना दोनदा प्रार्थना करतो. पहिली माशाच्या पोटात. ती फार सुंदर आहे, स्तोत्रांच्या भाषेत आहे. पण तीत निनवेचे नाव नाही, आणि ‘माझे चुकले’ असे एक अक्षर नाही. दुसरी प्रार्थना चौथ्या अध्यायात. ती रागाची आहे, कडवट आहे. मला मरण दे, असे तो म्हणतो. चमत्कार असा की, देवाचा योनाशी संवाद सुरू होतो तो या दुसऱ्या प्रार्थनेनंतर. सुंदर प्रार्थनेने योना किनाऱ्यावर आला. खऱ्या प्रार्थनेने तो देवासमोर आला.

म्हणून प्रार्थनापूर्वक वाचन म्हणजे आरंभी हात जोडून दोन गोड वाक्ये म्हणणे, एवढेच नव्हे. बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या एका फ्रेंच संन्याशाने शास्त्रवाचनाची चार पायऱ्यांची शिडी सांगितली : वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. यात प्रार्थना तिसरी आहे. वाचून, घोळवून झाल्यावर मनात जे उठेल, मग तो आनंद असो, शंका असो की चीड असो, ते जसेच्या तसे समोर ठेवणे, ही ती प्रार्थना. आपल्याकडे श्रवण, मनन आणि निदिध्यासन म्हटले आहे, त्याच्याशी ताडून पाहा. दोन्ही परंपरांना नुसत्या पारायणाने समाधान नाही.

प्रार्थनेवाचून चिकित्सा कुठे जाते, याचा एक जुना दाखला आहे. योनाच्या डोक्यावर सावली धरणारी ती वनस्पती कोणती, हा वाद फार पुरातन. कोणी भोपळ्याचा वेल म्हणतात, कोणी एरंड म्हणतात. जेरोमने लॅटिन भाषांतरात भोपळ्याच्या जागी आयव्ही नावाच्या वेलीचे नाव घातले. उत्तर आफ्रिकेतल्या ओएया गावी, म्हणजे आजच्या लिबियातल्या ट्रिपोलीत, हे नवे भाषांतर वाचले गेले, तेव्हा मंडळीत एवढा गदारोळ झाला की बिशपाला आपली माणसे टिकवणे अवघड झाले. ऑगस्टिनने इ. स. ४०३ च्या सुमारास जेरोमला हे पत्राने कळवले. गंमत पाहा! योनाला वेलाचे दुःख झाले, नगराचे नाही, हाच या कथेचा रोख आहे. आणि ती ऐकणारी माणसे वेलावरूनच भांडली. शब्दाची काळजी हवीच. पण शब्द ज्या प्रश्नाकडे नेतो, तिथपर्यंत चालत जायला हवे.

तो प्रश्न पुस्तकाच्या अगदी शेवटच्या वचनात आहे. एका रात्रीत उगवलेल्या नि एका रात्रीत वाळलेल्या वेलासाठी तू हळहळतोस. मग ज्या नगरात उजवाडावा न समजणारी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे आहेत, आणि पुष्कळ गुरेढोरे आहेत, त्याची मला कीव येऊ नये काय, असे देव विचारतो. आणि पुस्तक संपते. योनाने काय उत्तर दिले, ते लिहिलेले नाही. जागा मोकळी सोडली आहे.

यहुदी लोक प्रायश्चित्ताच्या महादिवशी, योम किप्पुरच्या दिवशी दुपारी, सभास्थानात हे पुस्तक वाचतात. आमच्या कोकणातले बेने इस्रायल या दिवसाला पूर्वापार ‘दारफळणीचा सण’ म्हणत आले. दारे लावून घेऊन उपास करायचा हा दिवस. स्वतःचे दोष आठवण्याच्या दिवशी शत्रूला क्षमा मिळाल्याची गोष्ट वाचायची, ही योजना करणारे लोक फार शहाणे असले पाहिजेत. मुसलमान बांधव याच संदेष्ट्याला युनुस म्हणून मानतात. मोसुलला त्यांच्या नावाचे पवित्र स्थान होते. ते २०१४ च्या जुलैत अतिरेक्यांनी सुरुंग लावून उडवले. निनवेचा प्रश्न निनवेतही संपलेला नाही.

येथे बसलेल्यांपैकी पुष्कळजण ख्रिस्ती नाहीत. त्यांनी प्रार्थना कोणाची करावी? पहिला अध्याय पाहा. वादळात प्रत्येक खलाशी आपापल्या देवाचा धावा करतो, आणि झोपलेल्या संदेष्ट्याला परधर्मी तांडेल उठवून सांगतो, बाबा, तूही प्रार्थना कर. योनाने स्वतःच मला समुद्रात टाका म्हटल्यावरही ही माणसे त्याला वाचवण्यासाठी जिवाच्या कराराने वल्ही मारतात. पुस्तक त्यांची थट्टा करीत नाही. प्रामाणिकपणे वाचणाऱ्याला या गलबतावर जागा आहे.

व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. रोज थोडेच वाचावे, पण एकच पुस्तक आठवडाभर वाचावे. एक वही करावी. तीत आधी पुस्तकात काय आहे ते लिहावे, आपल्याला काय वाटते ते मागून. जे वचन आवडले त्याच्यापेक्षा जे खुपले त्याच्याखाली रेघ ओढावी. आणि वाचून झाल्यावर लगेच उत्तर काढू नये; पुस्तक मिटून थोडा वेळ गप्प बसावे.

त्या गप्प बसण्यात काय होते? प्रत्येकाला आपले निनवे दिसू लागते. कोणाचे ते बांधापलीकडे असते, कोणाचे कोर्टात तारखा पडत असलेल्या भावाच्या घरी, कोणाचे दुसऱ्या आळीत, दुसऱ्या जातीत, सरहद्दीच्या पलीकडे. त्यांचे बरे व्हावे असे आपल्याला खरोखर वाटते काय? मोडीव उत्तर देता येणार नाही, आणि खोटे उत्तर देऊनही चालणार नाही. योनासारखे रागावून बोललो तरी हरकत नाही. पण बोलावे, उठून जाऊ नये. मोकळी सोडलेली जागा वाचणाऱ्याने भरायची आहे.