हरण्याची बाजू



केंदो म्हणजे जपानी तलवारविद्या. बांबूची शिनाई, चेहऱ्यावर लोखंडी जाळी आणि छाती फोडून दिलेल्या आरोळ्या, एवढं चित्र बहुतेकांच्या डोळ्यांसमोर असतं. मला मात्र बोलायचं आहे ते काताबद्दल, म्हणजे दोघांनी मिळून करायच्या, आधीपासून ठरलेल्या वार-प्रतिवारांबद्दल. १९११ साली जपानच्या माध्यमिक शाळांत केंदो आलं आणि निरनिराळ्या घराण्यांत तयार झालेल्यांनी एकसारखं शिकवायचं कसं, हा पेच पडला. म्हणून १९१२ मध्ये जाणकारांच्या समितीनं दहा काता नक्की केले. त्यांतल्या सातांत दोघांच्याही हाती लांब तलवार असते. उरलेल्या तिनांत एकाकडे, म्हणजे वाराला उत्तर देणाऱ्या शिदाचीकडे, आखूड.

या दहाही कातांत पुढाकार घेऊन वार करणारा उचिदाची हरतो, शिदाची जिंकतो. आणि हरणारी बाजू असते शिक्षकाची.

पहिलाच काता पाहा. दोघंही तलवारी डोक्यावर उगारून जवळ येतात. गुरुजी संधी साधून सरळ मस्तकावर वार करतात. शिष्य ऐन क्षणी मागे सरतो, गुरुजींची तलवार हवा कापत खाली जाते आणि शिष्याचा वार त्यांच्या डोक्याशी येऊन थांबतो. गुरुजींचा वार खरा हवा. शिष्य हलला नाही तर लाकडी तलवार कपाळावर बसेल इतका खरा. पोर नवखं आहे म्हणून त्यांनी तो वीतभर अलीकडेच सोडला, तर शिष्याला मागे सरायचं कारणच उरत नाही. मग तो नुसती पाठ केलेली पावलं टाकतो. अंतर किती, वेग किती, शिष्याला पेलेल पण गाफील राहू देणार नाही असा क्षण कोणता, हे सारं हरणाऱ्याच्या हाती असतं. ही बाजू ज्येष्ठांकडे ठेवली आहे ती म्हणूनच.

काता फक्त दानच्या, म्हणजे श्रेणीच्या, परीक्षेपुरता घोकला जातो, याचं मला फार वाईट वाटतं. तिथं दोघंही परीक्षार्थी, त्यामुळे तो पहिला वार करणाराही शिकाऊच.

पहिल्या कातात जिंकल्यावरही शिष्याला तलवारीचं टोक गुरुजींच्या चेहऱ्यावर रोखून धरावं लागतं. त्या दाबानं गुरुजी मागे सरतात. दाब नसेल, तर त्यांनी सरू नये.