भीती, अफवा आणि बालमन
(प्राथमिक शिक्षकांसमोर दिलेले व्याख्यान)



मानसशास्त्र हे केवळ विद्यापीठात अभ्यासावयाचे शास्त्र नव्हे. मनुष्य का भितो, ऐकीव गोष्टीवर चटकन विश्वास का ठेवतो, योगायोगास शकुन का मानतो, या नित्याच्या प्रश्नांचा उलगडा त्यात आहे. निलंगा तालुक्यातील शिक्षकास त्याची उदाहरणे शोधण्यासाठी दूर जावयास नको.

सप्टेंबर २०२२ मध्ये हासोरी गावी जमिनीतून गूढ आवाज येऊ लागले. ४ फेब्रुवारी २०२३ रोजी निटूर-डांगेवाडी परिसरात आणि १५ फेब्रुवारीस लातूर शहराच्या पूर्व भागात तसेच आवाज ऐकू आले. लातूरच्या आवाजानंतर लातूर, औराद शहाजानी व आशिव येथील भूकंपमापन केंद्रांकडे चौकशी झाली, तेव्हा कोणताही धक्का नोंदला गेला नसल्याचे कळले. तरीही लोकांच्या मनात धडकी भरली. यास भित्रेपणा म्हणावे काय? मुळीच नाही.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणेशविसर्जन आटोपून लोक गाढ झोपले होते. जाड दगडी भिंती व मातीची जड माळवदे अंगावर कोसळली आणि जवळजवळ दहा हजार माणसे दगावली. ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या आसरा दिला, तेच घर मृत्यूचे कारण ठरले. म्हणूनच पुढे कित्येकांना दगडी घरापेक्षा पत्र्याचा निवारा अधिक सुरक्षित वाटू लागला.

रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह याने दाखविले की, ठरावीक ध्वनीनंतर वारंवार अन्न दिल्यास पुढे नुसत्या ध्वनीनेही कुत्र्याच्या तोंडास लाळ सुटते. मनुष्याच्या भीतीचेही पुष्कळसे असेच आहे. मात्र आघात भयंकर असेल, तर एकच अनुभव पुरतो. मग गडगडाट, भांड्यांचा खणखणाट, रात्रीची शांतता, यांपैकी काहीही मूळ भीती जागी करते. शाळेत बसलेल्या बालकांनी तर १९९३ साल पाहिलेच नाही. त्यांची भीती आजीच्या चेहऱ्यावरून, आईच्या धावपळीवरून त्यांच्यात उतरलेली असते.

भीतीच्या पाठोपाठ अफवा येते. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर जमुना प्रसाद यांनी लोकांत पसरलेल्या अफवांचा अभ्यास केला. जेथे धक्का जाणवला परंतु विशेष हानी झाली नाही, तेथेच ‘चंद्रग्रहणाच्या दिवशी याहून मोठा भूकंप होणार’ अशा अफवांना ऊत आला होता. हे कोडे लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली उलगडून दाखविले. मनात भीती आहे, पण डोळ्यांसमोर तिचे कारण नाही, ही विसंगती मनास सोसवत नाही. म्हणून ते भीतीला शोभेल असे कारण शोधते. अफवा भीती निर्माण करते हे खरेच; परंतु पुष्कळदा भीतीच अफवेला जन्म देते.

शकुनाचेही रहस्य फारसे निराळे नाही. कुत्रे रडले व त्याच रात्री काही अशुभ घडले, तर ते जन्मभर स्मरते. कुत्रे रडले आणि काहीच घडले नाही, अशा शेकडो रात्रींची मन नोंद ठेवत नाही.

तथापि भीती समूळ नाहीशी करणे हे शिक्षकाचे उद्दिष्ट नव्हे. या भूमीत भूकंपाचा धोका खरा आहे, आणि सावध राहणे शहाणपणाचेच आहे. निराधार भीतीचे रूपांतर सज्जतेत करावयाचे, एवढेच कार्य आहे. त्यासाठी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. घाबरलेल्या मुलास हसू नये वा ‘काही होत नाही’ असे म्हणून गप्प करू नये. त्याला बोलू द्यावे, चित्र काढू द्यावे. भीतीला शब्द मिळाले की तिचा भार हलका होतो.

२. शिक्षकाने स्वतः शांत राहावे. बालक उपदेशापेक्षा मुद्रा आधी वाचते.

३. भूकंपाच्या वेळी डोके झाकून बाकाखाली बसणे, बाक घट्ट धरणे आणि धक्के थांबताच रांगेने मैदानावर जाणे, याचा सराव वारंवार घ्यावा. काय करावयाचे हे ठाऊक असलेल्या मुलाची असहायता कमी होते.

४. वरच्या वर्गांतील मुलांकडून महिनाभर शकुनांची वही लिहून घ्यावी : कोणता शकुन झाला आणि पुढे काय घडले. निष्कर्ष त्यांचा त्यांनाच काढू द्यावा.

५. एखादी वार्ता कानी आली की ‘हे कोणी पाहिले? कोठे नोंदले गेले?’ असे विचारण्याची सवय लावावी.

या पाच गोष्टींसाठी वेगळा खर्च लागत नाही. शिक्षकाचे लक्ष व थोडे धैर्य एवढे पुरेसे आहे. पुन्हा कधी जमिनीतून आवाज आला, तर वर्गातील मुले रडत घराकडे धावण्याऐवजी शिकल्याप्रमाणे बाकाखाली बसतील आणि मग घरी जाऊन वडीलधाऱ्यांनाही धीर देतील. तसे घडले तर या शिक्षणाचे सार्थक झाले असे समजावे.