झाली किती, राहिली किती



बचत गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले की गप्पा सुरू होतात. मागच्या महिन्यात विषय निघाला, आपल्या आज्या-पणज्यांना आठ-आठ, दहा-दहा मुलं कशी व्हायची? एक तरुण सून म्हणाली, "त्यांना कळत नव्हतं." मला ते पटलं नाही. आज त्यावरच बोलते.

वर्षभरात हजार माणसांमागे किती मुलं जन्मली तो जन्मदर, आणि किती माणसं गेली तो मृत्युदर. आपल्या जमाखर्चासारखंच. शंभर वर्षांपूर्वी आपल्या देशात हजारी ४८च्या आसपास जन्म होते आणि मृत्यूही जवळजवळ तेवढेच. प्लेग, पटकी, देवी, दुष्काळ, त्यात १९१८ची तापाची साथ, जिला जुनी माणसं मानमोडी म्हणायची. १९२१ची शिरगणती झाली, तेव्हा देशात १९११पेक्षा माणसं कमी भरली. घरोघर पाळणे हलत होते, तरी!

जुन्या बायकांना मुलं किती म्हणून विचारलं, तर त्या दोन आकडे सांगायच्या. झाली नऊ, राहिली चार. पाचवी पुजली तरी मूल हाती लागेल याची खात्री नसायची. म्हातारपणी जवळ कुणीतरी असावं, तर नऊ बाळंतपणं काढावीच लागायची. याला अडाणीपणा कसं म्हणायचं? त्यांचा हिशोब त्यांच्या काळाला बरोबरच होता.

मग देवीची लस आली, मलेरियाची फवारणी आली, नवी औषधं आली, दुष्काळात धान्य पोचू लागलं. मृत्यू आधी कमी झाले. जन्म मात्र लगेच कमी झाले नाहीत, कारण विश्वास बसायला वेळ लागतो. जिची दोन लेकरं गेली, ती दोनावर कशी थांबेल? मधल्या काळात जमा तेवढीच आणि खर्च कमी, म्हणून शिल्लक वाढत गेली. १९५१ साली देशात ३६ कोटी माणसं होती, २०११ साली १२१ कोटी. "बायकांनी मुलं फार काढली" असं लोक बोलतात तेव्हा मला राग येतो. मुलं जास्त झाली नाहीत हो, झालेली जगू लागली. स्वीडनमध्येही असंच झालं होतं, आधी मृत्यू उतरले, मग जन्म. त्यांना सगळ्याला शंभराहून जास्त वर्षं लागली.

१९७१ साली आपल्याकडे हजार बाळांमागे १२९ बाळं वर्षाच्या आत जायची. २०२० साली २८. लेकरू जगतं हे आईला दिसलं, मुली शाळेत गेल्या, लग्नाचं वय थोडं वाढलं, आणि पाळणे आपोआप कमी झाले. २०१९-२१च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी १.७ मुलं भरली. आई-बापाची जागा भरून निघायला दोनाहून थोडी जास्त लागतात.

सगळं गोड नाही. त्याच पाहणीत विशीतल्या, म्हणजे २० ते २४ वयाच्या शंभरातल्या २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. नसबंदीचं म्हणाल तर देशात शंभर जोडप्यांत ३८ ठिकाणी ऑपरेशन बाईचं झालेलं, पुरुषाचं एका ठिकाणीही पुरतं नाही. दादा, ऐकताय ना? पुरुषाचं ऑपरेशन बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपं असतं. आणि दोनच मुलं, पण त्यात मुलगा हवाच, या हट्टापायी महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे २००१ साली ९१३ मुली होत्या, त्या २०११ साली ८९४ राहिल्या.

आता पुढचं. मुलं कमी आणि आयुष्य मोठं, म्हणजे गावात म्हातारी माणसं वाढणार. २०११ सालीच महाराष्ट्रात शंभरातले दहाएक जण साठीच्या पुढचे होते. त्यात मागे राहते ती बहुतेक बाईच, नवरा वयानं मोठा म्हणून आधी जातो. पणजीनं नऊ बाळंतपणं काढली ती याच भीतीनं. आपल्याला एक किंवा दोन मुलं, तीही पुण्या-मुंबईला. तेव्हा हिशोब नव्यानं मांडायला हवा. गटाची बचत बी-बियाण्याला, लग्नकार्याला जाते, स्वतःच्या म्हातारपणासाठी कुणीच काढत नाही. अटल पेन्शन योजनेत १८ ते ४० वयात नाव घालता येतं, आणि हप्त्याप्रमाणे साठीनंतर महिन्याला हजार ते पाच हजार रुपये मिळतात. जितकं लवकर नाव घालाल तितका हप्ता लहान. चाळिशीच्या आतल्या सगळ्या जणी पुढच्या बैठकीला आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक घेऊन या. सुनांना तर आणाच.