वासुदेव आणि सहाचा फासा

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

पन्नाशी उलटलेला, बँकेत नोकरी करणारा आणि रोज डोंबिवलीहून गाडी पकडणारा माणूस रविवारी मातीची चित्रं पटावर मांडून चेंडूचा खेळ खेळतो, असं सांगितलं तर तुम्ही हसाल. हसा. आमच्या घरी अजूनही हसतात.

तसा हा नाद जुनाच. शाळेत मागच्या बाकावर आम्ही पुस्तकातलं क्रिकेट खेळायचो. पुस्तक उघडायचं, डावीकडच्या पानाचा शेवटचा अंक म्हणजे धावा, शून्य आलं की गडी बाद. वहीच्या शेवटच्या पानावर अख्ख्या कसोटी मालिका चालायच्या. भूगोलाचं पुस्तक जाड, म्हणून ते फलंदाजीला चांगलं, अशी आमची ठाम समजूत होती.

आमचे ठाण्याचे एक मित्र नोकरीनिमित्त काही वर्षं इंग्लंडला राहून आले. त्यांनी येताना एक खोका आणला. खेळाचं नाव ब्लड बोल. यातला बोल म्हणजे वाडगा, अमेरिकेत फुटबॉलच्या वाडग्यासारख्या मैदानांना म्हणतात तो. नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप या कंपनीने 1986 साली हा खेळ काढला, रचना जर्व्हिस जॉन्सन यांची. अमेरिकन फुटबॉल, पण खेळणारे परीकथेतले: बुटके, राक्षस, एल्फ, उंदीरमाणसं. पट 26 चौकोन लांब, 15 रुंद. प्रत्येक बाजूला 11 गडी. चेंडू समोरच्या टोकाला नेऊन पोचवला की टचडाउन. प्रत्येक अर्धात आठ-आठ पाळ्या. आणि यातली खरी गंमत अशी, की आपला गडी धडपडला किंवा हातातला चेंडू सुटला की पाळी तिथेच संपते. बाकीचे दहा हलवायचे राहिले असले तरी संपते. कबड्डीत चढाईला गेलेल्याचा दम सुटावा तसं.

मधली काही वर्षं कंपनीने हा खेळ बाजारातून काढूनच टाकला होता. लोकांनी ऐकलं नाही. जगभर मंडळी आपापसात स्पर्धा भरवत राहिली, नियम सुधारत राहिली, आणि 2016 साली कंपनीला तो पुन्हा छापावा लागला. आम्ही त्याच आवृत्तीच्या नियमांनी खेळतो.

परदेशी रंगवलेल्या मूर्तींची किंमत ऐकून आमच्यातल्या निम्म्यांनी कानाला हात लावला. मग मला दिवाळीचा किल्ला आठवला. माळ्यावर मुलांच्या लहानपणची चित्रं गोणपाटात गुंडाळून ठेवलेली होती. महाराजांची मूर्ती अर्थातच देव्हाऱ्याशेजारी ठेवली. उरलेल्यांतून संघ निवडला: सात मावळे, एक पोलीस, एक शेतकरी, डोक्यावर घडे घेतलेली एक गवळण आणि एक वासुदेव. मोरपिसांच्या टोपीचं टोक उडालेलं. जांभळी नाक्याच्या बाजारात कधीतरी घेतलेला. पट कार्डशीटवर आखला, चौकोन चार सेंटिमीटरचा, म्हणजे एक मीटरहून लांब. तो कुठल्याच टेबलावर नीट मावत नसे. ही गोष्ट लक्षात ठेवा.

नियमांच्या पुस्तकात माझा संघ बुटक्यांचा होता. बुटके चिवट, पण चालीला मंद. एका पाळीत बहुतेकांना चारच चौकोन. म्हणून संघाचं नाव ठेवलं ‘डोंबिवली स्लो’. त्यातल्या त्यात पळणारा म्हणून वासुदेवाकडे चेंडू.

आम्ही सहाजण. ठाण्याचे दोघे, डोंबिवलीचे दोघे, कल्याणचे दोघे. कल्याणच्या दोघांत एक होता माझ्या मित्राचा मुलगा, नववीतला. त्याचा संघ उंदीरमाणसांचा. एम-सीलचे उंदीर त्याने स्वतः वळले होते आणि वायरचे तुकडे खोचून त्यांना शेपट्या लावल्या होते तशा, की पहिल्यांदा पाहून आमची ही दचकली. घरून त्याला अट होती: एकच सीझन, होळीच्या आत. पुढे दहावी. स्पर्धेची नोंदवही त्याच्याकडे होती, कारण आम्हा पाच प्रौढांत तेवढ्या सुवाच्य अक्षराचं कोणी नव्हतं.

प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं, म्हणजे पंधरा सामने. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. पहिले दोघे अंतिम सामन्यात. दिवाळीनंतर सुरुवात झाली आणि पहिला शत्रू निघाला मेगाब्लॉक. सामना लावायच्या आधी शनिवारी पेपरात बघायचं, उद्या कुठला मार्ग बंद आहे. एकदा मी बुटांच्या खोक्यात कापूस घालून अकरा गडी घेऊन निघालो, आणि दिव्याला गाडी इतकी भरली की खोका डोक्यावर धरून ठाण्यापर्यंत उभा होतो. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, “अंडी आहेत का?” मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार!

या खेळात सीझन म्हणजे काय, ते खेळल्याशिवाय कळत नाही. एकट्या सामन्यात गडी पडला तर पुढच्या डावात परत उभा. सीझनमध्ये जे झालं ते झालं. टचडाउन केलं की त्या गड्याच्या नावावर तीन गुण, सहा गुण झाले की त्याला एक नवीन कौशल्य. जबर जखमी झाला तर दोन फासे टाकायचे, त्यांतल्या सहा बाजूंच्या फाशावर सहा पडला की गडी मेला. नाव वहीतून खोडायचं. तिसऱ्या फेरीपर्यंत माझ्या वासुदेवाने दोन टचडाउन केले होते, धक्का लागला तरी उभं राहायचं कौशल्य मिळवलं होतं. मातीचं चित्र असलं म्हणून काय झालं, मला तो गाडीत ओळखीचा माणूस भेटावा तसा वाटू लागला होता.

चौथी फेरी माझी त्या मुलाशी, माझ्याच घरी. त्याने पहिल्या अर्धातच दोन टचडाउन केले. उंदीर पळतात कसले! माझा वैद्य पहिल्याच जखमीवर खर्च झालेला. एका सामन्यात तो एकदाच वापरता येतो. शेवटून दुसऱ्या पाळीत त्याच्या उंदराने वासुदेवाला आडवा केला. चिलखत फुटलं, जखम जबर. मूळ नियमात पुढचा फासा समोरच्याने टाकायचा असतो, पण ज्याचा गडी त्याचाच हात, अशी आमची प्रथा. मी टाकला. आठ बाजूंचा पटावर राहिला. सहा बाजूंचा पटाच्या टोकावरून घरंगळला आणि दिवाणाखाली गेला.

आमच्या छोट्या खोल्यांत फासे सारखे खाली पडायचे, म्हणून सुरुवातीलाच ठरलं होतं: जमिनीवर पडला तरी दिसेल तोच आकडा. मी वाकलो. सहा होता. फासा उचलून मी म्हणालो, “तीन.”

तीन म्हणजे नुसता जबर मार, पुढच्या सामन्याला गडी हजर. मुलगा म्हणाला, “वाचला, काका!” आणि वहीत लिहून घेतलं. तो वाकला नाही. सामना त्यानेच जिंकला, दोन-एक. म्हणजे मी खोटं बोललो तेव्हा जिंकायलासुद्धा काही उरलं नव्हतं. कशासाठी बोललो? बत्तीस वर्षं कॅश मोजतोय, दहा रुपयाचा फरक आला तर रात्री आठपर्यंत बसून शोधलाय. पण तेव्हा बोललो खरा.

शेवटच्या फेरीत ठाण्याच्या एका मित्राशी मी दोन-एक जिंकलो. दुसरा टचडाउन वासुदेवाचा. माझे नऊ गुण झाले, मुलाचे आठ. अंतिम सामना मी खेळलो आणि इंग्लंडहून आलेल्या मित्राकडून सपाटून हरलो. मुलगा तो सामना पाहायला आला होता, माझ्या बाजूने ओरडत होता.

मे महिन्यात त्याचे दहावीचे व्हेकेशन क्लास सुरू झाले. एका संध्याकाळी तो नोंदवही घेऊन आला. “काका, तुमच्याकडे ठेवा. घरी राहिली की मी तीच उघडून बसतो.” तो गेल्यावर मी वही चाळली. चौथी फेरी, वासुदेवाच्या नावापुढे त्याच्या सुंदर अक्षरात: तीन. वाचला.

दोन रात्री ती वही टेबलावर पडून होती. रविवारी कल्याणला गेलो. त्याच्या वडिलांसमोर नको, म्हणून त्याला गच्चीत घेऊन गेलो आणि सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही. मला वाटलं रडेल, चिडेल. त्याने खिशातून पेन काढलं, वहीतलं वासुदेवाचं नाव खोडलं, शेजारी चौथ्या फेरीची तारीख घातली. मग गुणतक्ता. वासुदेवाचा टचडाउन वजा, सामना एक-एक, माझे सात गुण. हिशेब म्हणून ते काही पक्कं नव्हतं. वासुदेव नसता तर तो सामना कसा गेला असता कोण सांगणार? पण मी गप्प बसलो.

“म्हणजे फायनल मी खेळायला हवी होती,” तो म्हणाला.

“हो.”

“मग आता लावा.”

ठाण्याच्या मित्राला मी फोनवर सगळं सांगितलं. ते आधी हसले, मग हसायचे थांबले आणि म्हणाले, “या पुढच्या रविवारी.” ब्लॉक होता, तरी गेलो. मुलाच्या आईने क्लासचा एक दिवस माफ केला. वासुदेव मी घरीच ठेवला, देव्हाऱ्याच्या फळीवर. मला काम दिलं होतं खाली पडलेले फासे उचलून आकडा सांगायचं. दुसऱ्याच पाळीत एक फासा सोफ्याखाली गेला. मी वाकलो. तोही खुर्चीवरून उतरून माझ्या शेजारी वाकला.

चार होता.