बदनाम गावातले पहिले दिवस

आपण एखाद्या गावाला पोहोचण्याआधीच त्या गावाची बदनामी आपल्याला येऊन भेटते. मेदेयीन हे असंच एक गाव. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात राजधानी बोगोटाच्या खालोखाल मोठं असलेलं हे शहर. माझ्या कॉलेजातल्या मित्राची मुलगी तिथं नोकरी करते. मित्र कोल्हापूरचा, बँकेतून नुकताच निवृत्त झालेला. "एकट्याला एवढ्या लांब जायचा धीर होत नाही, तू चल," म्हणाला. मला आणखीही एक ओढ होती. 1991 साली या शहरात एक आंतरराष्ट्रीय कविता महोत्सव सुरू झाला. तो ऐकायची फार दिवसांची इच्छा होती. पण घरी शहराचं नाव सांगताच धाकटा मुलगा म्हणाला, "अब्बा, ते तर एस्कोबारचं गाव!"

पाब्लो एस्कोबार, कोकेनचा कुख्यात तस्कर. 1993 च्या डिसेंबरात याच शहरातल्या एका घराच्या छपरावर तो गोळीबारात मारला गेला. त्याच्यावरचे चित्रपट आणि मालिका जगभर पोहोचल्या, आमच्या घरातही पोहोचल्या होत्या.

विमानतळ डोंगरापलीकडे आहे. तिथून खाली उतरताना दरीभर पसरलेले दिवे दिसले. जणू एखाद्या परातीत कुणी निखारे ओतले होते. शहराची उंची सुमारे दीड हजार मीटर. त्यामुळे बारा महिने हवा आल्हाददायक, म्हणून तिथले लोक त्याला 'चिरवसंताचं शहर' म्हणतात.

पहिल्या सकाळी आम्ही दोघेच बाहेर पडलो. चौकात थर्मास घेतलेला एक विक्रेता उभा होता. इवल्याशा कपातली काळी कॉफी, तिला तिथं 'तिंतो' म्हणतात. पुढं एका छोट्या खानावळीत 'आग्वापानेला' नावाचं पेय मिळालं. मित्रानं एक घोट घेतला आणि त्याचे डोळे चमकले. "अरे, हे तर गुळाचं पाणी!" खरंच तसं होतं. उसाचा रस आटवून केलेल्या ढेपा तिथंही घरोघरी असतात. कोल्हापूरच्या माणसाला सातासमुद्रापार गूळ भेटला, म्हणजे निम्मं परकेपण तिथंच सरलं.

माझं परकेपण एका शब्दानं घालवलं. आजूबाजूचे लोक बोलताना मध्येच 'ओखाला' म्हणत. 'तसं होवो' असा अर्थ. हा शब्द स्पॅनिशमध्ये अरबीतून आला, आणि त्याच्या पोटात अल्लाहचं नाव आहे. 'त्याची मर्जी असेल तर.' माझी आई प्रत्येक बेताच्या शेवटी 'इन्शाअल्लाह' म्हणायची. तिच्या त्या शब्दाचा जवळचा नातलग मला इतक्या लांब भेटेल, असं वाटलं नव्हतं.

दुपारी मेट्रोत बसलो. 1995 साली सुरू झालेली ही मेट्रो लोकांनी इतकी जपली आहे, की डब्यात ओरखडासुद्धा दिसत नाही. आसेवेदो स्थानकावर उतरून आम्ही दोरावरून सरकणाऱ्या पाळण्यात बसलो. हा आकाशपाळणा पर्यटकांची करमणूक म्हणून बांधलेला नाही. डोंगरउतारावरच्या गरीब वस्त्यांतल्या माणसांना कामावर जाता यावं, म्हणून 2004 मध्ये तो मेट्रोला जोडला. खाली लाल विटांची घरं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती.

समोर एक म्हातारी बाई बसली होती, मांडीवर भाजीची पिशवी. आम्ही भारतातले, हे कळल्यावर ती हसली. आणि मी काय करावं? मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं, "एस्कोबार... इथंच?"

तिचं हसू मावळलं. ती काचेबाहेर बघत राहिली. मग खाली एका छपराकडं बोट दाखवून म्हणाली, "मी कासा." माझं घर. छपरावर कुंड्या होत्या, दोरीवर कपडे वाळत होते.

संध्याकाळी मित्राच्या मुलीला हे सांगितलं. ती म्हणाली, "काका, इथं हा प्रश्न विचारू नये. 1991 या एका वर्षात या शहरात सहा हजारांहून जास्त खून झाले. ज्यांची माणसं गेली, त्यांनाच पाहुणे येऊन मारणाऱ्याचा पत्ता विचारतात. तो राहत होता ती इमारत 2019 मध्ये पाडून तिथं बळींच्या स्मरणार्थ बाग केली आहे."

रात्री झोप आली नाही. कारण तो प्रश्न माझ्या ओळखीचा होता. आमच्या शहरात मी ज्या मोहल्ल्यात राहतो, त्याचं नाव बऱ्याच वर्षांपूर्वी एका दंगलीच्या बातमीत आलं होतं. अजूनही रात्री रिक्षावाले तिकडं यायला कां-कू करतात. "तिकडं सगळं ठीक असतं ना?" असं सुशिक्षित माणसंही विचारतात. मी दर वेळी मनातून चिडतो. आणि इथं येऊन मी तेच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सान आंतोनियो चौकात गेलो. तिथं याच शहरात जन्मलेले शिल्पकार फेर्नांदो बोतेरो यांचे ब्राँझचे दोन पक्षी आहेत. पहिल्या पक्ष्याजवळ 10 जून 1995 रोजी बॉम्बस्फोट झाला. चौकात संगीताचा कार्यक्रम चालू होता. वीसहून अधिक माणसं गेली. फाटलेला पक्षी हलवू नका, असं बोतेरोंनी सांगितलं. 2000 साली त्यांनी तसाच एक धडधाकट पक्षी शेजारी बसवायला दिला. फाटलेल्या धातूच्या आरपार उजेड दिसतो, आणि शेजारी गुबगुबीत, अखंड पक्षी. एक दुसऱ्याला झाकत नाही.

आम्ही तिथं बराच वेळ बसलो. मी मित्राला रात्रीचं सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पस्तीस वर्षं मी तुझ्याकडं ईदला येतो. शीरखुर्मा खातो आणि अंधार पडायच्या आत निघतो. का निघतो, ते मी स्वतःलाही कधी विचारलं नाही." मी काही बोललो नाही. मला ते माहीत होतं.

त्या आठवड्यात नुतिबारा टेकडीवरच्या खुल्या रंगमंदिरात कविता ऐकल्या. दगडी पायऱ्यांवर तरुण, म्हातारे, लेकुरवाळ्या बाया. भाषा आम्हाला कळत नव्हती, पण शांतता कळत होती. ज्या वर्षी संध्याकाळी घराबाहेर पडायचीही लोकांना भीती वाटे, त्याच वर्षी इथं हा महोत्सव सुरू झाला. एकत्र बसून कविता ऐकणं हेच तेव्हा धाडस होतं. शेजारी मित्र डोळे मिटून ऐकत होता.

परतल्यावर महिनाभरानं त्याचा फोन आला. "आज संध्याकाळी येतो. ईद नाही, काही नाही. मला तुझा मोहल्ला दाखव." आम्ही निघालो. बेकरी, मशिदीमागची तालीम, माझी जुनी मराठी शाळा, रात्री अकरापर्यंत चालू असणारं चहाचं दुकान. पस्तीस वर्षांच्या मैत्रीत माझ्या गावातला त्याचा हा पहिला दिवस होता.

चहा पिताना तो म्हणाला, "पुढच्या वेळी नातवाला आणतो."

मी म्हटलं, "ओखाला."